रांगेतली जागा

शेखर तिच्या कपाळावरचं गोंदण पुसत होता तेव्हा फोन आला. पुसत होता म्हणजे कॉम्प्युटरवर. यमुनेचं कपाळ स्क्रीनवर परातीएवढं मोठं झालं होतं. तिच्या दोन भुवयांमधलं हिरवट गोंदण आता शहरबसच्या पाठीवर हातभर लांब दिसणार आणि लोक ओळ वाचायची सोडून गोंदणाकडे बघत बसणार, म्हणून तो ते कडेकडेनं फिकं करत आणत होता. या कामात त्याचा हात बसलेला होता. द्राक्षांच्या खोक्यांवरचे डागाळलेले मणी, क्लासवाल्या सरांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांच्या दुहेरी हनुवट्या, असं सगळं त्यानं आजवर पुसून दिलं होतं आणि लोकांनी खूश होऊन ‘जसा आहे तसाच आलाय हो फोटो’ म्हटलं होतं. नंबर अनोळखी होता. पलीकडचं माणूस आधी बराच वेळ खोकलं आणि मग म्हणालं, "साहेब, आमचा फोटो उतरवा."

"कोण बोलतंय?"

"मी काळू. हरसूलचा. फोटोतला."

स्क्रीनवर यमुनेच्या कानाजवळ काळूच्या खांद्याचा एक तुकडा दिसत होता. शेखरनं चित्र लहान केलं आणि काळू पूर्ण दिसायला लागला. पांढरा सदरा, दाट केस, बायकोकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघून मोकळं हसणारा. आणि फोनमध्ये तोच दम लागून श्वास गोळा करत होता. याचे कुणीतरी कान भरले, असं शेखरला आधी वाटलं. दीड वर्षात तो फोटो कुठे कुठे लागला नव्हता! हरसूलच्या बाजारात, गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजूर उभे राहतात तिथे, एसटी स्टँडवर. खाली त्याची स्वतःची ओळ, जाड अक्षरात: साथ एकाची, काळजी कशाची! एचआयव्हीच्या त्या मोहिमेतली सगळ्यात गाजलेली ओळ. आता कुंभमेळ्याच्या कामांवर बाहेरगावचे हजारो मजूर येऊन राहिलेत, तर मोहीम शहरात आणायची आणि ती बसवर लावायची, असं मोहीम चालवणाऱ्या संस्थेत ठरलं होतं. चालत्या गाडीला खीळ घालायला नेमकं आताच कुणाला सुचलं, म्हणून शेखर जरा चिडून म्हणाला, "का उतरवायचा? तुमच्या संमतीनंच काढलाय."

"छातीचं, टीबीचं निघालं, साहेब. नाशकाला मोठ्या दवाखान्यात गेलतो. तिथं त्यांनी दुसरं बी रक्त तपासलं. ते बी निघालं."

"दुसरं म्हणजे?"

"तेच. आमच्या फोटोखाली तुमी लिवलंय, त्यातलंच."

शेखर उठून खिडकीशी गेला. इंदिरानगरातली सकाळ नेहमीसारखीच होती, समोरच्या गॅलरीत कुणीतरी गादी वाळत घातली होती. काळू थांबून थांबून बोलत होता. गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाले, बायकोला लगेच घेऊन ये. यमुनेला सातवा लागलाय. आत्ता तपासलं आणि निघालं, तर औषधानं लेकरू वाचवता येतं, पण उशीर करून चालायचं नाही. "पर आई तिला रक्ताला जाऊ देत नाय. नर्सबाई दोनदा घरी आली. आई म्हनते, ज्या बाईचा फोटो भर बाजारात लागलाय, ती त्या खोलीत गेली तर लोक काय म्हनतील? आमाला काळजी कशाची, असं लिवलंय ना वर. आई शाळेतल्या पोरांकडून वाचून घेती ते."

"तू यमुनेला सांगितलंस?"

"नाय."

"अरे, मग सांग ना!"

"कसं सांगू? रोज त्या फोटोखालून जातो मी. तो वर हाय तोवर माझ्याच्यानं नाय सांगवत. तो खाली आला की सांगतो." मग पुन्हा खोकला. "तुमी लावलाय, तुमीच उतरवा. आमच्या हातानं उतरवला तर लोक विचारतील."

फोन बंद झाल्यावर शेखरला देवळ्याचं, गावाकडचं घर आठवलं, का कोण जाणे. तो शाळेत असताना टीव्हीवर एड्सची जाहिरात लागायची. ती लागली रे लागली की त्याचे वडील, गोरक्षआबा, ताडकन उठायचे आणि म्हणायचे, "मोटर चालू राहिली वाटतं." मोटर कधीच चालू नसायची. आई पदरानं तोंड पुसत आत जायची आणि शेखर पंख्याकडे बघत बसायचा. जाहिरात संपली की आबा परत येऊन बसायचे, मोटर बंद असल्याचं कुणालाही न सांगता. पुढे त्यांच्याच आळीतला एक ट्रकचालक त्या आजारानं गेला, तर सगळ्यांनी त्याच्या बायकोला चहाचा वेगळा कप ठेवला. ती माहेरी निघून गेली तेव्हा बायका म्हणाल्या, ती तरी काय कमी असेल? ती बाई नवऱ्याशिवाय कुणाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती, हे आळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेखरलाही माहीत होतं. त्याला सगळंच माहीत होतं, हीच तर अडचण होती. घरच्याच माणसाकडून ते घरात येतं हे माहीत असूनही त्यानं काळजी कशाची असं लिहिलं होतं. यमक छान जुळलं होतं म्हणून.

संस्थेत एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. ओळ मंजूर करायला सगळे बसले तेव्हा त्या एकट्याच गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे. पण खाली एवढं टाका, की दोघांनीही एकदा तपासून घ्या. नुसत्या एकाच्या एकनिष्ठेनं भागत नाही हो." तेव्हा शेखरनं आपलं ठेवणीतलं हसू काढून त्यांना समजावलं होतं की मजकूर फार होतो, मोकळी जागा लागते, एका फ्लेक्सवर नजर एकाच गोष्टीवर ठरली पाहिजे. बाई म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं." त्या वेळी त्याला ते कौतुक वाटलं होतं. ती मोकळी जागा आता समोर होती, यमुनेच्या पिवळ्या लुगड्याखाली निळ्या रंगाचा एक सुंदर रिकामा पट्टा. त्यात ती ओळ सहज बसली असती.

आणि ते दुपारचं ऊन. हरसूलच्या बाजारात संस्थेचं पथनाट्य झालं, मग मंडपासमोर जोडप्यांची शपथ झाली. ही शपथ म्हणजे मोहिमेतला मोठा गाजावाजा. बायकोनं नवऱ्याच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा, नवऱ्यानं बायकोच्या, आणि दोघांनी माईकवर म्हणायचं की आम्ही एकमेकांचेच. लोक टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत. शपथ झाली की मंडपामागं तपासणीची गाडी उभी असायची, तिच्यापुढे रांग. फोटो काढायला शेखर सकाळपासून जोडपं शोधत होता. कुणी लाजत होतं, कुणी प्यालेलं होतं, कुणाची बायको फोटोत यायला तयार नव्हती. ऊन कलायला लागलं तसा तो बेचैन झाला. तेवढ्यात त्याला त्या रांगेत हे दोघं दिसले. तिचं पिवळं लुगडं, त्याचा पांढरा सदरा, दोघांच्या मनगटांवर ताजा दोरा आणि मागून येणारं तिरपं ऊन. तो धावतच गेला होता. "अहो दादा, ताई, इकडे या, इकडे या. तुम्हाला कशाला हवी रांग? तुम्ही तर आमची आदर्श जोडी!" रांगेतले लोक हसले. काळू हसला. यमुना हसली होती का? शेखरनं त्या दिवशीचे सगळे फोटो उघडून बघितले. एकाही फोटोत ती हसत नव्हती. निवडलेल्या फोटोत तिच्या ओठांचे कोपरे थोडे वर होते, पण ते शेखरनंच नंतर वर उचलले होते. त्यानं त्यांना ओढ्याच्या काठावर नेलं, झाडाखाली उभं केलं, पुन्हा उन्हात आणलं. काम संपलं तेव्हा तपासणीची गाडी दारं बंद करून निघून गेली होती. ‘पुढच्या वेळी या,’ असं तो म्हणाला होता बहुतेक. किंवा म्हणालाच नव्हता.

आपण काय चूक केली हे कळायला माणसाला फार अक्कल लागत नाही, पण कळल्यावर गप्प बसायला मात्र बरीच लागते. शेखरकडे ती होती. त्यानं मोहिमेची समन्वयक वेदिका हिला फोन लावला आणि हरसूलचा फ्लेक्स काढायचा का, असं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. "सर, काहीतरीच काय! तो तर आपला चेहरा आहे. महिनाअखेरीस पाहुणे येणारेत, त्यांना तोच स्पॉट दाखवायचाय," वेदिका म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "काही झालंय का? त्या दोघांचं काही?" काळूची गोष्ट काळूची होती, ती वेदिकेला सांगायचा अधिकार शेखरला नव्हता. "छे, रंग उडालाय असं वाटलं," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला चक्क हायसं वाटलं. आपण विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आता आपल्या हातात काय आहे? तो परत खुर्चीत बसला आणि गोंदणाचा उरलेला ठिपका पुसायला त्यानं माऊस हातात घेतला, आणि स्वतःचीच इतकी किळस आली की त्यानं कॉम्प्युटर तसाच बटण दाबून बंद केला.

एक वाजता त्याची बायको वैष्णवी शाळेतून आली. ती सकाळच्या शाळेत शिकवायची. आल्या आल्या तिनं पर्स टाकली, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाठ भरून आलीये ना आज? बसून बसून होतं ते. थांब." ती स्वयंपाकघरात गेली. तव्यावर मीठ गरम केल्याचा वास आला, मग ती जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आली आणि त्याच्या कमरेवर दाबायला लागली. शेखरची पाठ दुखत नव्हती. ती कधीच दुखत नव्हती. गेल्याच्या गेल्या वर्षी द्राक्ष निर्यातदारांबरोबर तो हैदराबादला प्रदर्शनाला गेला होता. संध्याकाळी सगळे एका ठिकाणी निघाले, आणि मी नाही येत म्हणायला त्याला लाज वाटली. हो म्हणायला वाटली नाही. तिथून आल्यावर त्यानं पाठदुखी काढली आणि दिवाणखान्यातल्या कडक गादीवर झोपायला लागला. त्या संध्याकाळी काळजी घेतली होती का, हे त्याला नीट आठवत नव्हतं. आठवायचं नव्हतं हे जास्त खरं. तपासणीला जायचं त्यानं कितीदा तरी ठरवलं. मोहिमेच्या प्रत्येक गावात गाडी उभी असायची, पण कॅमेरा गळ्यात असलेल्या माणसाला रांगेत ये असं कुणी म्हणत नाही. आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत, आंघोळ करताना, त्याला ती ओळ सुचली होती. साथ एकाची, काळजी कशाची. लोकांना वाटलं, काय खोलवरून आलीय. खोलवरून आलीच होती. तसं असतं तर किती बरं झालं असतं, या हावेतून ती आली होती.

"बरं वाटतंय?" वैष्णवीनं विचारलं.

"हं."

"आज स्टाफरूममध्ये तुझ्या बसचं सांगितलं मी. जोशीबाई म्हणाल्या, नशीबवान आहेस, नवरा असल्या ओळी लिहितो. मी म्हटलं, लिहितो हो, पण झोपतो दिवाणखान्यात." आणि ती स्वतःच खळखळून हसली. त्या हसण्यात कुठेही टोचणी नव्हती, संशय नव्हता. असता तर शेखरला सोपं गेलं असतं. मीठ गरम होतं, तिचा हात जड आणि प्रेमळ होता, आणि न दुखणारी पाठ तिच्या हाताखाली देऊन तो पालथा पडून राहिला. एकदाच, तो मनात म्हणाला. काळूचं काय असेल ते असो, माझं एकदाच. हे तो दोन वर्षं म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी हरसूलचा बाजार होता. शेखरनं रात्रीच काळूला येतो म्हणून कळवलं होतं. शेखरनं वैष्णवीला कामाला जातो एवढंच सांगितलं आणि गाडी काढली. गिरणाऱ्याच्या नाक्यावर नेहमीसारखे मजूर उभे होते, बायका डोक्यावर बोचकी घेऊन, पुरुष उकिडवे. त्यांच्या डोक्यावर काळू आणि यमुना हसत होते. जीप येऊन थांबली की सगळे उठत, शेतकरी खाली न उतरताच किती माणसं हवीत ते सांगे, आणि काही जण चढत. असाच काळू दोन हंगाम द्राक्षबागांवर गेला असणार. यमुना पहिल्या बाळंतपणात गेलेलं मूल पुरून घरी, आणि हा पलीकडच्या पट्ट्यात कुणाच्या तरी शेडमध्ये. घाट सुरू झाला तशी नागलीची, म्हणजे नाचणीची, कापलेली वावरं दिसायला लागली. मागे फिरावं असं त्याला तीनचारदा वाटलं. फोन करून सांगता येईल की परवानगी मिळाली नाही. ते खोटंही नव्हतं.

काळू फ्लेक्सखालीच उभा होता. शेखरनं त्याला ओळखलं ते वरच्या फोटोवरून नव्हे, खोकल्यावरून. सदरा तोच होता बहुतेक, पण आत माणूस राहिला नव्हता. तोंडाला गमछा बांधलेला. त्यानं कोयता आणला होता. "चढायला मला दम नाय, साहेब," तो म्हणाला. मग शेखरच कोयता घेऊन चढला, बांबूच्या चौकटीवर पाय देत, नवे बूट घसरत होते. खाली सुकी मासळी, मिरच्या, मडकी घेऊन बसलेल्या बायका माना वर करून बघत होत्या. कुणीतरी विचारलं, "काय हो, नवा लावताय काय?" शेखर "हो हो" म्हणाला आणि पहिली दोरी कापली. यमुनेचं तोंड वाऱ्यानं त्याच्या अंगावर आलं, फडफडलं, आणि क्षणभर तो तिच्या त्या खोट्या हसण्याच्या आत गुरफटला. धूळ, प्लास्टिक, पाखरांची घाण.

"ए! कोन उतरवून ऱ्हायला?" खालून आवाज आला. काळूची आई, पुतळाबाई, नागलीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. "ए भाऊ, आमचं काय चुकलं? आमच्या सुनेचा फोटो हाय त्यो. सगळा गाव बघतो."

"आजी, जुना झालाय," शेखर वरून म्हणाला.

"जुना कुठं? मी सणाला वल्या फडक्यानं पुसून घेते त्याला. बांबूवर चढून पोरं पुसतात माझी." ती काळूकडे वळली. "तू बघत काय उभा? बोल की."

पुतळाबाईच्या मागे यमुना उभी होती. पोट पुढे आलेलं, कपाळावर गोंदण जसंच्या तसं. ती फ्लेक्सकडे बघत नव्हती, शेखरच्या हातातल्या घरच्या कोयत्याकडे बघत होती. शेवटची दोरी सुटली आणि फ्लेक्स जमिनीवर कोसळला. काळूनं तिच्या दंडाला धरलं आणि तिला ओढ्याच्या बाजूला, झाडाखाली नेलं. शेखरनं ज्या झाडाखाली त्यांना उभं केलं होतं त्याच झाडाखाली. शेखर वरच बसून राहिला, कारण खाली उतरून कुठे बघायचं हे त्याला कळेना. काळूनं तोंडावरचा गमछा काढला नाही. तो जमिनीकडे बघून बोलत होता. यमुना ऐकत होती. एकदाच तिचा हात वर गेला, मारायला गेला असं शेखरला वाटलं, पण तिनं तो स्वतःच्या पोटावर ठेवला. काळू खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला. ती नाही बसली.

परत आली ती सरळ फ्लेक्सपाशी. तिनं तो पायानं उलटा केला, फोटो मातीकडे, आणि गुंडाळायला लागली. "पेंढ्यावर टाकायला होईल," ती पुतळाबाईला म्हणाली. "धरा, आई. घरी न्या. मी दवाखान्यात चालले."

"कुठं? अगं, लोक..."

"लोक बाजारात आलेत, बाजार करतील." आणि मग शेखरकडे, वर न बघता, "तुमी या खाली. गाडी हाय ना तुमची? त्याला चालवत नाय."

सरकारी दवाखाना जवळच होता. बाजाराचा दिवस म्हणून व्हरांड्यात गर्दी होती. रक्त तपासायच्या खोलीपुढे एक बाकडं, बाकड्यावर आणि बाकड्याच्या पुढे रांग. यमुना रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. नर्सबाई बाहेर आली, तिला बघून थबकली, आणि आनंद लपवत जरा रागानंच म्हणाली, "आलीस? बरं केलंस. वेळेत आलीस. काय निघायचं ते निघू दे, बाळासाठी औषध आहे आपल्याकडे, कळलं?" यमुनेनं मान हलवली. काळू लांब, व्हरांड्याच्या पायरीवर, तोंड फिरवून बसला. शेखर भिंतीशी उभा राहिला. काहीतरी बोललं पाहिजे असं वाटून तो म्हणाला, "यमुनाताई, त्या दिवशी मी तुम्हाला रांगेतून... माझ्या लक्षातच आलं नाही. माझं चुकलं."

रांग एक माणूस पुढे सरकली, तीही सरकली.

"तुमाला काय वाटलं, शपथ घेतली म्हनून आमी रांगेत उभे होतो?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मीच आनला होता त्याला. बागेवरून आला तवाच मला कळलं होतं. बाईला कळतं. आठवडाभर त्याच्या पाया पडत होते, की एकदा चल, सुई टोचून घे, मग मी काय बोलनार नाय, कधीच काय काढनार नाय. तो नाय म्हने. बाजारच्या दिवशी कसाबसा तयार झाला. तो दोरा, ती शपथ, मला काय त्याचं? मला रांग पाहिजे होती. माझ्यापुढं दोनच बाया ऱ्हायल्या होत्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवा तुमी आले. तुमाला कशाला रांग, म्हनाले. आन तो हासत निघाला. मी मागं वळून बघत ऱ्हायले, तुमी म्हनत होते, इकडं बघा, इकडं बघा."

शेखरला ते ऊन दिसलं, पिवळं लुगडं दिसलं, आणि मान वळवून गाडीकडे बघणारी ती. तसे कितीतरी फोटो आले होते. ‘मान वळली’ म्हणून त्यानं ते सगळे बाजूला टाकले होते.

"परत न्यायचा म्हनलं त्याला, तर वर आमचा फोटो," ती म्हणाली. "मग सासू ऐकंना, तो ऐकंना. कुनाला काय सांगनार? फोटोतल्या बाईनं काय सांगायचं?"

खोलीतून नर्सबाईनं हाक मारली. यमुना आत गेली. दार उघडंच होतं. ती खुर्चीवर बसली, बाही वर केली, दंडाला रबर बांधलं गेलं. तिनं तोंड फिरवलं नाही, सुईकडे नीट बघत राहिली. बाहेर आली तेव्हा कोपर दुमडून तिनं कापूस धरला होता. ती बाकड्यावर टेकली आणि शेखरकडे बघून तिनं भुवया किंचित उंचावल्या, त्यांच्यामधलं गोंदणही वर गेलं. विचारत होती की काय, की तुमचं काय? तिला काहीही माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नव्हतं. पण शेखरला वाटलं, बाईला कळतं, असं तिनं आत्ताच सांगितलंय, आणि घरी मीठ गरम करणारीसुद्धा बाईच आहे. तो घाबरला. गाडीची चावी त्याच्या हातात होती, काम झालं होतं, कुणी त्याला थांबवलं नसतं.

"तुम्ही कोण?" नर्सबाईनं दारातून विचारलं. "यांच्याबरोबर आहात का?"

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, मलाही तपासायचंय."

"काही कारण?"

"आहे."

तिनं त्याच्या बुटांकडे, चावीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. "मग रांगेत या," ती म्हणाली. शेखर शेवटच्या माणसामागे जाऊ लागला, तेव्हा यमुना बाकड्यावर जरा सरकली आणि तिनं आपल्या शेजारची जागा तळहातानं झटकून दिली. तो बसला. त्याच्यापुढे बरीच माणसं होती.